बोलक्या घरातलं स्थळ

अप्पांची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा ते भिंत वाचत होते. डिसेंबरातली धुक्याची दुपार, हॉस्पिटलच्या खोलीत हीटरची कोरडी ऊब, आणि अप्पा दोन उशांना टेकून समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत बसलेले. भेटीला येणाऱ्यांनी काय करावं, काय करू नये, हे कुणीतरी बारीक इंग्रजी अक्षरांत छापून दाराशेजारी लावलं होतं. "हे बघ," मला स्टूलवर बसूही न देता ते म्हणाले, "एकाच वाक्यात फळं, चपला आणि लहान मुलं. तिन्ही बाहेर ठेवा म्हणे. हा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी तसाच परत पाठवला असता." अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सारं आयुष्य केंद्र सरकारच्या एका खात्यात दुसऱ्यांचे मसुदे सुधारण्यात गेलं, त्यामुळे आजारपणातही त्यांचा हात लाल पेन्सिल शोधायचा. मी हसले. डबा उघडला, त्यांनी दोन घास मऊ भात खाल्ला, आणि मी निघताना म्हणाले, "जानेवारी आली. स्थळं बघून ठेव. या खेपेला मला जमेलसं दिसत नाही, तूच निवड. पण मुकं काही आणू नकोस, बोलकं आण." मी म्हटलं, "घरी या आधी, मग दोघं मिळून बघू." ते "बरं" म्हणाले. त्याच आठवड्यात एका सकाळी मी कारखान्याच्या बसमध्ये असताना फोन आला...

स्थळं म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की घरात लग्नाची मुलगी होती. घरात मुलगी आहे, माझी इरा, पण ती बंगळुरूला शिकते आणि लग्नाचा विषय काढला तर फोन ठेवते. आमची स्थळं जपानी होती. जपानी चित्रमालिका, ज्यांना सगळे अ‍ॅनिमे म्हणतात, त्या तिकडे ऋतूंप्रमाणे येतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, दर वेळी नव्या मालिकांचा एक घोळका येतो. सगळ्या बघायला माणसाला दुसरा जन्म घ्यावा लागेल, म्हणून निवड करावी लागते. ही निवड गुडगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक पंचाहत्तरी ओलांडलेला निवृत्त सेक्शन ऑफिसर आणि त्याची सून वर्षानुवर्षं करत आले. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा माझे जपानी साहेबसुद्धा खुर्चीत जरा मागे सरकले.

याची सुरुवात गंमत म्हणून झालेली नव्हती. मी पुण्याची. जपानी शिकले, आणि परदेशी कंपन्या इकडे यायला लागल्या त्या दिवसांत गुडगावजवळ मानेसरच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. लग्न होऊन आले ती दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथे खाली भाजीवाला, वर देशपांडे, शेजारी कुलकर्णी, मागच्या ओळीत एक साताऱ्याचे सुभेदार. गॅलरीत उभं राहून सासूबाई चार घरांशी एकाच वेळी मराठीत बोलायच्या. अप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गुडगावला नव्या फ्लॅटमध्ये आलो. रस्त्याच्या अलीकडे आमच्या इमारती, पलीकडे मोहरीची शेतं, पाणी टँकरनं, वीज जनरेटरनं. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं सभ्य होती, "नमस्ते अंकल" म्हणायची आणि आपापल्या मजल्यावर उतरायची. त्या घरात वर्ष काढण्याआधीच सासूबाई गेल्या. देशपांडे मुलाकडे नाशिकला, कुलकर्णी पुण्याला. अप्पांना भेटायला यायला कुणी उरलं नाही. सकाळी पेपर, दुपारी हिंदी बातम्या, संध्याकाळी गॅलरीतून मोहरीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या क्रेन, असा त्यांचा दिवस होता. मुलाशी त्यांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "केव्हा येणार". समीर, माझा नवरा, स्वभावानं चांगला आहे पण शब्द मोजून वापरतो, आणि महिन्यातले अर्धे दिवस दौऱ्यावर असतो.

कारखान्यात माझी वेगळीच अडचण होती. वर्गात शिकलेलं जपानी गोड आणि नम्र, पण मशीन बंद पडल्यावर जपानी फोरमन जे बोलायचा ते पुस्तकात कुठेच नव्हतं. मोरिता-सान नावाच्या एका सहकारी बाईंनी उपाय सांगितला, चित्रमालिका बघ, कान तयार होईल. त्या सुट्टीवर गेल्या की डिस्क घेऊन यायच्या. मी रविवारी सकाळी वही बाजूला ठेवून बघत बसायचे. अप्पा मागे पेपर वाचायचे. अशाच एका रविवारी पेपराच्या मागून आवाज आला, "ती मुलगी का रडतेय?" मी सांगितलं, की तिचा भाऊ घर सोडून चाललाय आणि ती म्हणतेय की माझी छत्री तरी परत दे. "छत्रीसाठी रडतेय?" "नाही हो, भावासाठी. पण तसं म्हणवत नाही, म्हणून छत्री." पेपर खाली आला. "अच्छा," अप्पा म्हणाले, "मग काय म्हणाला तो?" त्यानंतर पेपर वर गेलाच नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण अप्पांना मोतीबिंदू होता. "अक्षरं पळतात गं," ते म्हणाले, "तूच सांग." म्हणून मी सांगायला लागले. आई, बाप, आजी, शाळेतली मुलं, बोलणारं मांजर, सगळ्यांचं मराठी मीच करायचे, चालत्या चित्राबरोबर, धाप लागेपर्यंत.

पुढे घरात इंटरनेट आलं, मग आणखी वेगाचं आलं आणि मोरिता-सानच्या डिस्कची गरज राहिली नाही. तेव्हा निवडीचा प्रश्न उभा राहिला आणि अप्पांनी त्याला शिस्त लावली. ऋतूच्या पहिल्या रविवारी कार्यक्रम. पोहे अप्पा करणार. "मुलगी बघायला जायचं, यजमानांचे पोहे हाणायचे आणि मग नकार कळवायचा, ही मला कधी पटलेली गोष्ट नाही," ते म्हणायचे. "नकार मी देणार, तर पोहेही माझेच." जानेवारीत इकडचा कोवळा मटार घालून, एप्रिलात नुसत्या कांद्यावर, पण खोबरं कोथिंबीर पेरलेले. पहिल्या भेटीत नकार द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. प्रत्येक स्थळाला तीन भाग मिळायचे, मग निकाल. निकाल मात्र खास अप्पांचा असायचा. "दिसायला देखणं आहे, पण घरात कुणी कुणाशी बोलत नाही." "हा मुलगा नुसता तलवार घेऊन धावतोय, याला घरी विचारणारं कोणी आहे की नाही?" आणि मग एखादं असं यायचं की ज्यात अख्खं घर खाली शेगडी असलेल्या त्यांच्या उबदार टेबलाभोवती बसून आंघोळीला आधी कोण जाणार यावर भांडतंय, आणि अप्पा चमचा ताटलीत ठेवून म्हणायचे, "हे बघ. भरलेलं घर. बोलकं स्थळ. पसंत."

मी कुरकुर करायचे. मला तलवारवाले आवडायचे, कारण तलवार चालत असताना माझ्या घशाला विसावा मिळायचा. "अप्पा, एक तरी मारामारीचं घ्या ना, मला बिचारीला जरा श्वास घेऊ द्या." ते म्हणायचे, "तुझं काम आहे ना दुभाष्याचं, मग?" एकदा इरानं, तेव्हा शाळेत होती, सोफ्यावर लोळत विचारलं, "आजोबा, तुम्हाला तर इंग्लिश इतकी येते, मग आई एवढं का बोलते?" अप्पांनी लगेच सांगितलं, "तिची प्रॅक्टिस होते." इराला पटलं. मलाही पटलं.

आणि माझी प्रॅक्टिस खरंच झाली, फक्त जपानीची नाही. मालिकेतला खेड्यातला आजोबा त्यांच्या गावरान बोलीत बोलायचा, मग मी त्याला कोल्हापूरचा करून टाकायचे, आणि अप्पा पोट धरून हसायचे. भोचक शेजारीण आली की तिच्यासाठी शब्द शोधताना माझ्या आजीचे, मावश्यांचे शब्द आपोआप तोंडावर यायचे. कांगावा, आगाऊपणा, लाडीगोडी, मुलखाची आळशी, तोंडाळ. दिवसभर मी जपानी, हिंदी आणि इंग्रजी यांच्यात लोंबकळत असायचे, मराठी फक्त भाजीत मीठ किती एवढ्यापुरती उरली होती. अप्पा मधेच हात वर करायचे, चित्र थांबवायला लावायचे. "काय म्हणालीस? कांगावा... ही म्हणायची हा शब्द." ही म्हणजे सासूबाई. मग म्हणायचे, "चल, चलो, पुढे." इरा विचारायची, "आई, कांगावा म्हणजे ड्रामा ना?" मी म्हणायचे जवळपास तेच. अप्पा म्हणायचे, "बिल्कुल नाही."

एक वाक्य मात्र अप्पांचं होतं. जपानी माणूस घरात शिरताना दारातूनच सांगतो की मी परत आलो, आणि आतलं माणूस त्याला उत्तर देतं. प्रत्येक मालिकेत, प्रत्येक घरात हे असतंच. मी म्हणायचे, "आले मी." पुढचं म्हणायला तोंड उघडेपर्यंत अप्पा खुर्चीतून म्हणायचे, "ये." दर वेळी. बाप असो, आजी असो, बोलणारं मांजर असो, उत्तर अप्पांचं. नंतर नंतर मी संध्याकाळी कारखान्यातून आले की चपला काढता काढता म्हणायला लागले, "अप्पा, आले मी," आणि आतून त्याच सुरात उत्तर यायचं. समीर एकदा ते ऐकून म्हणाला, "तुम्ही दोघं यार कमाल आहात." त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय. थट्टाच होती, सुरुवातीला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. डॉक्टर खूश होते. मी म्हटलं, "आता तुमची तुम्हाला अक्षरं दिसतील, मी सुटले." पुढच्या रविवारी अप्पांनी डोळे किलकिले केले, मान पुढे केली, आणि म्हणाले, "नाही गं, अजून पळतातच." एका एप्रिलात माझा आवाज पार बसला. डॉक्टरांनी एक शब्दही बोलायची बंदी केली. मी पाटीवर लिहिल्यासारखं फोनवर लिहून दाखवलं, की या ऋतूत तुम्ही एकटे बघा, मोठी अक्षरं करून देते. अप्पांनी वाचलं आणि फोन परत दिला. "या वेळी सोयरीक नको," म्हणाले. तो सबंध उन्हाळा टीव्ही बंद राहिला. बाहेर लूचे गरम वारे वाहत होते, आत अप्पा मला काढे करून देत होते, हळदीचे, ज्येष्ठमधाचे, एकाहून एक वाईट. माझा पहिला शब्द फुटला तेव्हा ते इतके खूश झाले की जुलैच्या स्थळांसाठी पोह्यांचा बेत त्याच दिवशी ठरला.

त्यांची खुर्ची हा आमच्या घरातला कायमचा वाद. सरोजिनी नगरहून आणलेली वेताची आरामखुर्ची, जड, जुनी, नव्या फर्निचरमध्ये न शोभणारी. ती गालिच्यावर तिरकी असायची. सुनीता, आमच्याकडे कामाला येणारी, रोज झाडताना ती टीव्हीकडे सरळ करून ठेवायची आणि अप्पा रोज ती परत वळवायचे. "बाबूजी, ऐसे तो गर्दन दुखेगी," ती म्हणायची. अप्पा उजव्या कानाकडे बोट दाखवायचे, "इससे अच्छा सुनाई देता है." म्हातारपणाची एखादी तऱ्हा असायचीच, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

मग इरा बंगळुरूला गेली. समीरची बदली चेन्नईला झाली, तो महिन्यातून एकदा यायला लागला. पलीकडच्या मोहरीच्या शेतांचं नावही उरलं नाही, तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या दिव्यांनी आमची गॅलरी उजळलेली असते. एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. माणसं म्हणायची, सासऱ्याचं करावं लागतं बिचारीला. मी काय करत होते? मी रविवारी पोहे खात होते आणि गोष्टी सांगत होते. ऑक्टोबरात आम्ही शेवटचं स्थळ पसंत केलं, समुद्रकाठच्या एका खानावळीचं, ज्यात मालकीण आणि तिच्या तीन बहिणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकींना टोमणे मारतात. खिडकीतून सातविणीच्या फुलांचा तो उग्र वास येत होता. त्यानंतर धुराचे दिवस आले, अप्पांचा खोकला वाढला, आणि खानावळ अर्ध्यावर राहिली.

अप्पा गेल्यावर पहिले काही दिवस घर भरलेलं होतं. पुण्याहून, नाशिकहून माणसं आली, देशपांडे काकू आल्या, सगळं मराठी एकदम घरात परत आलं. अप्पांना किती आवडलं असतं, असं मला सारखं वाटत होतं. मग सगळे गेले. समीरनं विचारलं, "येतेस चेन्नईला?" मी म्हटलं, नोकरी आहे. तोही गेला. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरले की माझ्या तोंडात "आले मी" तयार असतं आणि मी ते गिळते. दिवसभर तीन भाषांत बोलून घरी यायचं आणि चौथीत कुणाशी बोलायचं नाही, याची मला भीती वाटायला लागली. इराशी फोनवर बोलताना एकदा एक साधा शब्द आठवेना, मी हिंदी शब्द वापरला आणि पुढे बोलत राहिले. थांबवणारं कुणी नव्हतं.

जानेवारीची स्थळं आली. मी दोन रविवार तिकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या रविवारी मटार सोलले आणि पोहे केले. मीठ जरा कमी पडलं. ताटली घेऊन सोफ्यावर माझ्या जागी बसले, आणि म्हटलं, ते सांगून गेलेत तर निदान बघावं. पहिल्या स्थळात एक मुलगा बर्फात एकटाच चालत होता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग कुठून तरी एक हाक आली आणि खाली तिची इंग्रजी अक्षरं उमटली, पांढरी, ठळक, चांगली बोटभर उंचीची. माझा चमचा तिथेच थांबला. हॉस्पिटलच्या भिंतीवरची सूचना याच्या मानानं मुंगीएवढ्या अक्षरांत होती. आणि अप्पांनी ती पलंगावरून, खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला, चपला, फळं आणि लहान मुलांसकट वाचून दाखवली होती.

त्यांची अक्षरं पळत नव्हती. ऑपरेशननंतर तर नाहीच, इतकी वर्षं नाही. त्यांना सगळं वाचता येत होतं. मग मला ती सगळी स्थळं एकामागून एक आठवली, शेगडीभोवती भांडणारं घर, टोमणे मारणाऱ्या बहिणी, भोचक शेजारणी, आणि नाकारलेले सगळे मुके तलवारबाज. अप्पा जपानी घरं निवडत नव्हते. ज्यात मला जास्तीत जास्त बोलावं लागेल ते निवडत होते. सासूबाई गेल्यापासून त्या घरात जेवढं म्हणून मराठी बोललं गेलं, ते बहुतेक मी रविवारी टीव्हीसमोर बोलले होते, आणि माझ्याही तोंडची भाषा टिकली ती त्यामुळेच. हे त्यांनी कधी म्हटलं नाही. त्या पहिल्या मालिकेतल्या मुलीनं भावाऐवजी छत्री मागितली, तशी त्यांनी अक्षरं पुढे केली. मी खूप रडले. त्यांच्यासमोर हे कळलं असतं तर मी काय म्हणाले असते, कोण जाणे. बहुतेक लबाड म्हटलं असतं, आणि त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला असता.

तेवढ्यात सुनीता आली. गालिचा उन्हात टाकायचा म्हणून तिनं खुर्ची उचलून बाजूला ठेवली, आणि गालिचा गुंडाळायच्या आधी मी तिला थांबवलं. खुर्चीच्या चार पायांच्या खळग्या गालिच्यात खोल रुतल्या होत्या. मी तिथे उभी राहून पाहिलं. तिरक्या म्हणजे नुसत्या तिरक्या नव्हत्या. तशा ठेवलेल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच, सोफ्याच्या या कोपऱ्याकडे होतं, जिथे मी बसते. "दीदी, सीधी रख दूँ अब?" सुनीतानं विचारलं. मी म्हटलं, "नहीं, वहीं रखो, जैसे थी." आम्ही दोघींनी ती उचलली आणि पाय त्या खळग्यांत बसवले. गालिचा त्या दिवशी उन्हात गेला नाही.

मग मी बर्फातल्या मुलाला नकार दिला. तीन भागांचा नियम मी पहिल्यांदाच मोडला. दुसरं स्थळ लावलं. एका छोट्या गावातलं घर, आत स्वयंपाकघरात दोघी-तिघी एकदमच बोलतायत, कढईत काहीतरी तडतडतंय. दार सरकलं, शाळेतून आलेली एक मुलगी दारात बूट काढायला वाकली आणि म्हणाली तेच, जे त्या सगळ्याच म्हणतात. मी खुर्चीकडे पाहून, मोठ्यानं, मराठीत म्हटलं, "आले मी."

पडद्यावर आतून कुणीतरी उत्तर दिलं. ते मला कळलं, त्याचं मराठी मला येत होतं, पण ते मी म्हटलं नाही. ते वाक्य माझं नव्हतं. तेवढी जागा रिकामी ठेवली आणि पुढचं सांगायला लागले.